दोन गोल्डफिश आणि एक तळं

परवा आईशी फोनवर बोलताना सांगितलं की आम्ही डायमंड लेकला जाऊन आलो, ट्राउट पकडले. आईचा पहिला प्रश्न, "खाल्लेस का? कसे लागतात?" आणि दुसरा, "तिथे मासे आपोआप असतात की सोडतात?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. बांगड्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. हळद-तिखट-आगळ लावून रव्यात तळले तर बरे लागतात, पण मग ते रव्याचं श्रेय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र अर्धा तास लागला, आणि तरीही एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती इथे लिहितोय. ताई तिला माझं लिखाण मोठ्या अक्षरांत छापून देते, तेव्हा आईला सांगितल्यासारखंच आहे.

तर आधी तळ्याबद्दल.

डायमंड लेक आमच्या ओरेगनमध्ये, कॅस्केड पर्वतरांगेत, ५,००० फुटांहून थोड्या जास्त उंचीवर आहे. सुमारे ३,००० एकरांचा पसारा. एका अंगाला माउंट बेलीचा गोलसर डोंगर, दुसऱ्या अंगाला माउंट थिलसनचा सुळका, अगदी पेन्सिलला टोक काढल्यासारखा. पोर्टलंडच्या बाजूने गाडीने चार-साडेचार तास. प्रसिद्ध क्रेटर लेक तिथून अगदी जवळ, त्यामुळे बरेच लोक क्रेटर लेक बघतात, फोटो काढतात आणि डायमंड लेकवरून नुसते पुढे जातात.

आम्हीही २००२ साली असेच निघालो होतो. नवीन लग्न, नवीन गाडी (म्हणजे जुनीच, पण आमच्यासाठी नवीन). बायको म्हणाली, एवढं आलोय तर पाण्यात पाय तरी बुडवू. खाली उतरलो तर पाणी हिरवंगार. निसर्गकवितेतलं हिरवं नाही, वाटाण्याच्या उसळीचं हिरवं. आणि काठावर पाटी, की पाण्यात विषारी शेवाळ आहे, उतरू नका, कुत्र्यांनाही पाणी पिऊ देऊ नका. एवढ्या उंचावर, ना कारखाना, ना शेती, ना गटार, आणि पाणी विषारी? आम्ही गाडीत बसून आणलेले पराठे खाल्ले आणि परत फिरलो. बायको म्हणाली, "आपल्या गावच्या तळ्याची आठवण आली." तेवढंच.

ते पाणी तसं का झालं हे मला कळलं बऱ्याच वर्षांनी, आमच्या शेजाऱ्यांकडून. हे गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत. लहानपणी वडिलांबरोबर डायमंड लेकवर गळ टाकायला जायचे. मला आणि माझ्या मुलीला मासे धरायला त्यांनीच शिकवलं. मी कोकणातला असून मला गळ टाकता येत नाही याचं त्यांना फार नवल वाटायचं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मासे दारावर येतात, पाटीतून.

त्यांनी होडीत बसून सांगितलेली गोष्ट अशी. डायमंड लेकमध्ये मुळात मासेच नव्हते. तळ्यातून निघणारं पाणी पुढे नॉर्थ उम्पक्वा नदीला मिळतं आणि वाटेत मोठमोठे धबधबे आहेत. मासा चढून वर येणार कसा? हजारो वर्षं तळ्यात किडे होते, शंखशिंपले होते, बेडूक होते. मासा नव्हता. १९१० साली माणसांनी पहिल्यांदा ट्राउट आणून सोडले. तळं उथळ, सरासरी खोली २४ फूट, उन्हाळ्यात तळापर्यंत ऊन पोचणार, खायला किडे रग्गड. ट्राउट असे काही वाढले की लांबलांबून लोक यायला लागले.

मग १९४० च्या दशकात तळ्यात एक वेगळाच मासा दिसला. टुई चब. हा मासा दक्षिणेकडच्या क्लॅमथ खोऱ्यातला, तिथला रीतसर रहिवासी, तिथे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. इथे तो आला बहुधा कुणाच्या तरी बादलीतून. त्या काळी मोठा मासा धरायला छोटे जिवंत मासे गळाला लावायचे. दिवस संपला की बादलीत उरलेले चार मासे पाण्यात ओतून माणसं घरी जायची.

चब उथळ पाण्यात, गवतात अंडी घालतो आणि भरमसाट घालतो. ट्राउटचं तसं नाही, त्याला अंडी घालायला वाहतं पाणी आणि स्वच्छ खडी लागते. या तळ्यात ती पुरेशी नाही, म्हणून ट्राउट दरवर्षी बाहेरून आणून सोडावे लागतात. म्हणजे एकाची वीण फुकट आणि अमाप, दुसऱ्याची मोजून आणि पैसे देऊन. काही वर्षांतच चबने तळं काबीज केलं. १९५४ साली सरकारने रोटेनोन नावाचं औषध टाकून तळ्यातले सगळे मासे मारले आणि ट्राउट नव्याने सोडले.

त्यानंतरची तीसेक वर्षं म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचं बालपण आणि तारुण्य. त्या काळाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो, आपल्याकडे जुन्या आंब्यांबद्दल बोलताना बदलतो तसा. दर वर्षी लाखांनी बोटुकली सोडायची. (बोटुकली हा मत्स्यखात्यातला मराठी शब्द मला फार आवडतो. बोटाएवढं पिल्लू ते बोटुकली!) दोन-तीन इंचांचं पिल्लू तळ्यातलं फुकटचं खाणं खाऊन एक-दोन वर्षांत ताटभर व्हायचं. सरकारचा खर्च फक्त पिल्लाचा. बाकी सगळं तळं करायचं.

१९९२ साली चब परत सापडला. कुणी आणला, माहीत नाही.

इथे मला आयुष्यात पहिल्यांदा मत्स्यव्यवस्थापन म्हणजे काय ते कळलं. माझी समजूत अशी होती की मासे कमी झाले तर जास्त सोडावेत. झालं काम! पण भुकेल्या घरात आणखी पानं मांडून काय उपयोग? चबने तळातले किडे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव फस्त केले होते. सोडलेली बोटुकली उपाशी मरायला लागली. मग हॅचरीत गोळ्या खाऊ घालून वाढवलेले मोठे ट्राउट आणून सोडायची वेळ आली. ते सोडायचे आणि लोकांनी लगेच पकडायचे. शेजारी म्हणाले, "तेव्हा मासे धरणं म्हणजे वाण्याच्या दुकानात जाऊन रांगेत उभं राहण्यासारखं होतं." (त्यांनी वाणी म्हटलं नाही, सुपरमार्केट म्हटलं, पण भाव तोच.)

आणि ते हिरवं पाणी? त्याचाही धागा तिथेच जातो. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे डाफ्नियासारखे जीव असतात. ते शेवाळ चरतात, गाई कुरण चरतात तसे. चबने गाईच खाऊन टाकल्या, मग कुरण माजलं. शिवाय कोट्यवधी मासे तळ ढवळणार, त्यांची विष्ठा खत बनून शेवाळाला मिळणार. २००१ पासून दर उन्हाळ्यात विषारी शेवाळ येऊ लागलं आणि तळं लोकांसाठी बंद ठेवायची वेळ आली. आमच्या पराठ्यांच्या सहलीचं रहस्य हे होतं. कारखाना नाही, शेती नाही, गटार नाही. कुणीतरी रिकामी केलेली एक बादली.

शेवटी २००६ साली पुन्हा तोच उपाय करायचं ठरलं. अंदाज असा की तळ्यात तेव्हा नऊ कोटींच्या आसपास चब होते. आधी जुना कालवा उघडून हिवाळ्यात तळ्याची पातळी आठ फुटांनी खाली आणली. याचं कारण मला आवडलं. पाणी कमी तर औषध कमी लागतं. शिवाय तळं परत भरेपर्यंत बाहेर पाणी जात नाही, तेवढ्यात औषधाचा असर संपतो आणि खालची नदी वाचते. जाळी लावून जमतील तेवढे चब आधीच काढले. आणि सप्टेंबरमध्ये रोटेनोन टाकलं.

रोटेनोन हे नाव ऐकायला रासायनिक वाटतं, पण ते काही झाडांच्या मुळांत असतं. दक्षिण अमेरिकेतले आणि आग्नेय आशियातले लोक मासे धरायला पूर्वापार ते वापरत आलेत. ते कल्ल्यांतून शरीरात जातं आणि पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. उन्हाने, उष्णतेने ते हळूहळू नाहीसं होतं. हे ऐकल्यावर मला एकदम महाडची आठवण झाली. लहानपणी आमच्या मागच्या डोंगरात लोक ओढ्याचा डोह अडवून त्यात रामेठ्याची साल किंवा गेळाची फळं कुटून टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. रसायन वेगळं असेल, युक्ती तीच. फक्त ३,००० एकरांवर.

मी शेजाऱ्यांना विचारलं, तुम्ही बघायला गेला होतात का? म्हणाले, नाही. "मीच सभेत जाऊन औषध टाका म्हणून हात वर केला होता. पण बघायला नाही गेलो." त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

२००७ साली ट्राउट पुन्हा सोडले. पण या वेळी पद्धत बदलली. आकडा आधी ठरवून पिल्लं ओतायची नाहीत. आधी तळातले किडे किती, पाण्यातले सूक्ष्म जीव किती, पाणी किती खोलवर स्वच्छ दिसतं हे मोजायचं आणि मग किती तोंडं पोसली जातील ते ठरवायचं. आमच्या आईच्या भाषेत, डबा उघडून बघायचा आणि मग पाहुण्यांना बोलवायचं. डाफ्निया परत आले, पाणी निवळलं, ट्राउट वाढले.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. २०१५ साली तळ्यात टुई चब पुन्हा सापडला. ही बातमी कळली तेव्हा शेजारी अंगणात पानं गोळा करत होते. त्यांनी उच्चारलेला शब्द इथे छापता येणार नाही. मत्स्यखात्याने या वेळी लगेच औषधाकडे धाव घेतली नाही. २०१६ पासून त्यांनी टायगर ट्राउट सोडायला सुरुवात केली. ब्राउन आणि ब्रूक या दोन जातींचा हा संकर, त्याला पिल्लं होत नाहीत पण दुसरे मासे खायची हौस दांडगी. सोबत ब्राउन ट्राउटही. गळाला लागले तर ते परत सोडायचे असा नियम केला, कारण ते जेवायला नाहीत, कामाला आहेत. चब संपणार नाही, पण आटोक्यात राहील अशी आशा. पुन्हा पाहणी, पुन्हा मोजणी. याला शेवट नाही हे त्या खात्याने आता मान्य केलंय असं मला वाटतं.

आता ती न सांगितलेली गोष्ट.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं, शेजारी, मी आणि मुलगी, डायमंड लेकला गेलो. मुलगी कॉलेज संपवून घरी आली होती. सकाळी थंडी होती, पाणी निवळ, थिलसनचा सुळका पाण्यात उलटा. शेजारी धक्क्यावर गळाला ते भडक गुलाबी पीठ लावत होते, कणकेच्या गोळीसारखं. मुलगी फलक वाचत उभी होती. जिवंत मासे आमिष म्हणून आणू नका, कुठलाही मासा इकडून तिकडे नेऊ नका, चबने काय केलं वगैरे. मला वाटलं वाचून येईल. ती तिथेच उभी राहिली. मग मराठीत, हळूच म्हणाली, "बाबा, आपण पण हेच केलं ना?"

मला लगेच समजलं.

२००९ च्या डिसेंबरमध्ये आम्ही तीन आठवड्यांसाठी भारतात निघालो होतो. मुलीला कुठल्याशा जत्रेत मिळालेले दोन गोल्डफिश घरी होते. त्यांना कोण सांभाळणार? शेजाऱ्यांना विचारायचा मला संकोच वाटला, तेव्हा ओळख नवीन होती. घरामागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे. मी सहा वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं की मासे बरणीत दुःखी असतात, आपण त्यांना मोकळं करू, पुण्य लागेल. ती रडली. मग आम्ही पिशवी घेऊन गेलो. तिने दोघांना नावानिशी निरोप दिला, मी नमस्कार करायला लावला. व्हिडिओसुद्धा काढलाय. पुढे कितीतरी वर्षं ती ही गोष्ट सगळ्यांना सांगायची, की मी मासे सोडवले होते. कॉलेजच्या अर्जात तिने त्यावर निबंध लिहिला होता. मी तो वाचून डोळे पुसले होते.

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. खरंच नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला पुण्यही नको होतं. मला भारतात जायच्या आधीची एक कटकट मिटवायची होती. पुण्य हे मी तिच्यासाठी लावलेलं वेष्टन होतं. हे मात्र मी तिला तिथे सांगू शकलो नाही, कारण तेवढ्यात शेजाऱ्यांनी विचारलं, काय झालं? तिने इंग्रजीत सगळं सांगितलं. मला वाटलं हा माणूस आता दोन शब्द ऐकवणार. यांचं आवडतं तळं दोनदा असल्याच बादलीने बुडालेलं.

ते बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मी त्या चबवाल्या माणसाला साठ वर्षं शिव्या देतोय. पण मला नेहमी वाटतं, तो वाईट नसणार. संध्याकाळ झाली असेल, बादलीत चार मासे जिवंत असतील, त्याला मारवले नसतील."

त्यांनीच मग सांगितलं की ओरेगनच्या आग्नेयेला, स्टीन्स पर्वताच्या पायथ्याशी मान लेक नावाचं ट्राउटचं तळं आहे. तिथे कुणीतरी गोल्डफिश सोडले आणि ते इतके माजले की २०१० साली तिथेही रोटेनोन टाकावं लागलं. म्हणजे आमचे दोन गोल्डफिश काही निराळे नव्हते. आणि क्रेटर लेकचं तर काय सांगावं. तिथे १८८८ साली पहिले मासे सोडले, मग त्या माशांना खाऊ हवा म्हणून १९१५ साली क्रेफिश सोडले, आपल्या चिंबोरीची नांगीवाली चुलत बहीण. मासे सोडणं १९४१ साली थांबवलं, पण क्रेफिश पसरतच गेले आणि आता जगात फक्त तिथेच असणाऱ्या मझामा न्यूट नावाच्या पालीसारख्या उभयचराला ते संपवत आणताहेत. सोडलेली गोष्ट थांबवता येते, परत बोलावता येत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं मागच्या तळ्यावर गेलो. सोळा वर्षांत मी तिथे कितीतरी वेळा फिरलो असेन, पाण्यात कधी नीट बघितलं नव्हतं. पाणी गढूळ होतं. अर्धा तास काही दिसलं नाही. मग गवताच्या कडेला एक नारिंगी पाठ वळली, माझ्या तळहाताहून लांब. तिच्यामागे सात-आठ लहान. आमच्याच दोघांचा वंश की आणखी कुणी पुण्य केलेलं, सांगता येत नाही. गोल्डफिश गोठलेल्या तळ्याखालीही जगतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो, हे सगळं मुलीने फोनवर तिथेच वाचून दाखवलं. मुसळधार पावसात ते तळं ओसंडतं आणि पाणी खालच्या ओढ्यात जातं, हे मात्र मला आधीच माहीत होतं.

मुलीने वन्यजीव खात्याला फोन केला. मी करणार होतो, पण तिने मला करू दिला नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे जागा, अंदाजे संख्या, कधी सोडले ते लिहून घेतलं. कुणी सोडले हे त्यांनी विचारलं नव्हतं. मुलीने आपण होऊन सांगितलं, "मी आणि माझ्या वडिलांनी." पुढे काय करायचं ते ते ठरवतील. कदाचित तळं आटवतील, कदाचित काहीच नाही. तिथे ट्राउट नाहीत, त्यामुळे घाई कुणाला असेल असं वाटत नाही.

रात्री मी तिला वेष्टनाचंही सांगितलं. ती म्हणाली, "ते मला त्या निबंधाच्या वेळीच वाटलं होतं." आणि झोपायला गेली. एवढंच! मी मात्र जागा होतो.

आईने फोनवर सगळं तळ्याचं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या वाळणकोंडीसारखं नाही." वाळणकोंड म्हणजे महाडजवळ काळ नदीत वरदायिनी देवीचा डोह. तिथले मोठमोठे मासे देवीचे, कुणी धरत नाही. आम्ही लहानपणी त्यांना लाह्या टाकायचो, हाताएवढी तोंडं पाण्यावर यायची. मी विचारलं, आई, तिथे मासे कधी कुणी आणून सोडले होते का? ती म्हणाली, "छे. देवीच्या डोहात आपण कशाला काय सोडायचं? आहेत ते नदीचेच."

असो. तर मंडळी, कुणाच्या घरी काचेच्या बरणीत मासे असतील आणि प्रवासाला निघायचं असेल, तर शेजाऱ्यांना विचारायचा संकोच करू नका. दुकानदार बऱ्याचदा परत घेतात, शाळेतल्या बाई घेतात, कुणी ना कुणी घेतं. आमच्या शेजाऱ्यांना मी परवा सहज विचारलं, २००९ साली मी ते दोन मासे तुमच्याकडे ठेवायला आणले असते तर तुम्ही ठेवून घेतले असते का?

म्हणाले, "तीन आठवडे? आनंदाने."